पाचशे दिवस आणि बिल्ल्याचं टोक

शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत दुकान थाटलं तेव्हा पाटी मी स्वतः रंगवली होती. 'येथे सर्व प्रकारचे बिल्ले तयार करून मिळतील.' अक्षर झकास आलं होतं. फक्त उत्साहाच्या भरात 'ल्ल'ला मी असा काही झोकदार वळसा दिला की लांबून तो नुसता 'ल' दिसायचा. पहिल्याच महिन्यात तिघं लाइटबिल भरायला आले. चौथे आले ते एक सरकारी कर्मचारी. इकडेतिकडे बघून त्यांनी हळू आवाजात विचारलं,

"मेडिकलसाठी पण करून देता का?"

"देते की. डॉक्टर, नर्स, कंपाउंडर, कुणासाठीही."

"मागची तारीख टाकाल?"

"तुम्ही सांगाल ती टाकू."

"आणि डॉक्टरांची सही?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी नमुन्याचा बिल्ला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि "हे आमच्या ऑफिसात मंजूर होणार नाही" असं म्हणून ते निघून गेले. त्याच दिवशी मी पाटीवरचा 'ल्ल' सरळ केला.

मी चित्रकला शिक्षकाचा कोर्स केलेली. नोकरी लागेपर्यंत काहीतरी करावं म्हणून एका शाळेच्या मॉनिटरांचे बिल्ले करून दिले. नोकरी लागली नाही, बिल्ले मात्र लागत राहिले. शाळांचे, दूध सोसायट्यांचे, भजनी मंडळांचे, जयंतीचे, मॅरेथॉनचे. पुढची वीस-बावीस वर्षं शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या लोकांच्या छातीवर काय लागावं, हे बऱ्याच वेळा मी ठरवलं. 'लोकांच्या छातीवर काय लागावं हे मी ठरवते' असं मी लग्नाआधी एका स्थळासमोर बोलले होते. ते स्थळ पुन्हा आलं नाही.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बिल्ला म्हणजे सव्वा इंचाचं शेत. आधी मी ताटाएवढं मोठं चित्र काढायचे. ते लहान करून पुण्यात त्याचा पोलादी ठसा कोरून घ्यायचा. हा ठसा पितळेच्या पत्र्यावर दाबला की रेघा बांधासारख्या वर येतात आणि मध्ये बारीक वाफे तयार होतात. त्या वाफ्यांत इंजेक्शनच्या सिरिंजने रंग सोडायचा. लाल वाफ्यात लाल, पिवळ्यात पिवळा. बांध फुटला की रंग शेजारच्या रानात जातो आणि भांडण सुरू होतं. मग भट्टीत भाजायचं, घासायचं, चमकवायचं आणि पाठीमागे कथलाचा डाक देऊन पिन जोडायची.

चित्र माझं आणि बाकीचं सगळं नानांचं. नाना दौंडचे. रेल्वेत फिटर होते, तिथून रिटायर झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी हाताने फिरवायचा प्रेस बसवला होता. मी आठवड्यातून दोनदा चित्रांची गुंडाळी घेऊन एसटीने दौंडला जायचे. नाना माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे. मला 'पोरी' म्हणायचे आणि माझ्या प्रत्येक चित्राकडे इंजिनात बिघाड असल्यासारखे वाकून बघायचे.

"पोरी, ह्या मोराला किती पिसं हायती?"

"बावीस."

"पाच कर. बाकीची लोकं मनात धरतील."

सव्वा इंचात काय बसत नाही हे मला नानांनी शिकवलं. पहिली गोष्ट म्हणजे माणसाचा चेहरा बसत नाही. हे मला पटायला वरवंडकडच्या एका सोसायटीचे चेअरमन आप्पा यावे लागले. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांना बिल्ल्यावर गाय, कांदा, झेंडू, ट्रॅक्टर आणि स्वतःचा फोटो पाहिजे होता. गाईपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं काढून टाकायला ते तयार झाले. फोटोवर मात्र अडून बसले. मी काढला. आप्पांना चष्मा होता. चष्म्याच्या काचा म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान वाफे. मिशीचा काळा रंग भट्टीत पातळ झाला आणि बांध ओलांडून काचांत शिरला. भट्टीतून तीनशे आप्पा बाहेर आले ते काळा गॉगल लावून.

मी ते बिल्ले घेऊन गेले. आप्पांनी एक उचलला, लांब धरला, जवळ धरला. बायकोला हाक मारली. "अगं, बघ. कसा दिसतोय?" त्या म्हणाल्या, "पिक्चरमधल्या माणसावानी." समारंभाला आप्पा खरोखरच गॉगल लावून आले आणि नंतर सोसायटीच्या मीटिंगलाही तसेच बसू लागले. माझी चूक त्यांच्या नाकावर कायमची बसली. मला वाटलं, आपलं काहीही खपतं. तिथेच माझं डोकं जरा फिरलं असावं.

आता जे सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

रांजणगावला एमआयडीसी आली आणि पाठोपाठ कंपन्या आल्या. त्यातल्या एका कंपनीतून एके दिवशी सावंतसाहेब माझ्या दुकानात आले. कंपनीचं नाव सांगत नाही, मोठमोठ्या प्रेसवर पत्र्याचे भाग दाबून काढायची ती. सावंतसाहेब तिथले सेफ्टी ऑफिसर. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसण्याआधी त्यांनी त्याचे चारही पाय हलवून पाहिले.

"मॅडम, आमच्याकडे लवकरच अपघाताविना पाचशे दिवस पूर्ण होतायत," ते म्हणाले. "हेड ऑफिसमधून मोठे साहेब येणार. प्रत्येक कामगाराला एक प्रेशर कुकर आणि एक बिल्ला. कुकर ठरलाय. बिल्ला तुम्ही करा. पण आकर्षक पाहिजे."

आणि मग यादी सांगितली. हेल्मेट, हातमोजे, गॉगल, बूट, आग विझवायचं नळकांडं, कंपनीचं नाव, ५०० हा आकडा आणि 'घरी तुमची कुणीतरी वाट पाहत आहे' हे वाक्य.

"साहेब, एवढं सगळं छातीवर लावायचं तर पाठीवरही थोडं घ्यावं लागेल," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. सुरक्षेच्या बाबतीत ते हसत नसत.

काम करताना माणसं कशी दिसतात ते बघावं म्हणून मी कंपनीत गेले. गेटवर मोठा फलक होता. 'अपघाताविना दिवस', आणि खाली खिळ्यांना पत्र्याचे आकडे टांगलेले, क्रिकेटच्या स्कोअरबोर्डासारखे. रोज सकाळी वॉचमन एक आकडा काढून दुसरा टांगायचा. आतमध्ये प्रेसचे दणके असे की नानांचा प्रेस त्यांच्यापुढे अडकित्ता वाटावा.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मी कच्चं चित्र कामगारांना दाखवलं. त्यात भीमराव होते. इनामगावचे, पन्नाशीला टेकलेले, कंपनी सुरू झाली त्या दिवसापासून कामाला. सगळे त्यांना भीमरावमामा म्हणत. त्यांनी चित्र हातात घेतलं तेव्हा मला दिसलं की त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना वायरमन वापरतात ती काळी चिकटपट्टी गुंडाळली होती.

"मामा, हे काय झालं?"

"हे व्हय? पत्र्यानं चाटलं जरा."

"लागलं का?"

"लागलं म्हंजी अपघात. ह्यो अपघात न्हाई, नुसतं चाटलंय," ते म्हणाले, आणि शेजारचे दोघेतिघे हसले. त्यांच्याही कुणाच्या अंगठ्याला, कुणाच्या करंगळीला काळी पट्टी होती.

मी बघितलं आणि सोडून दिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं, काळा रंग पिवळ्याशेजारी किती उठून दिसतो. वहीत तेवढंच लिहून घेतलं.

चित्र मात्र मला असं सुचलं की अजूनही मी त्यावर खूश आहे. सगळी यादी मी फेकून दिली. लाल गोलात पिवळं हेल्मेट. त्याच्याखाली ५०० मधली दोन शून्यं शेजारीशेजारी, गॉगलच्या काचांसारखी, आणि बाजूचा पाच म्हणजे जणू कान. बघितलं की आधी हसरा कामगार दिसायचा, मग आकडा. सावंतसाहेबांनी पाच मिनिटं चित्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "हातमोजे नाहीत." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "पण चांगलं आहे."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला पाठीमागची बाजूही आकर्षक करायची होती.

आमच्या बिल्ल्यांना मागून साधी सेफ्टी पिन असायची. पुण्याच्या एका प्रदर्शनात मी एका साहेबाच्या कोटावर वेगळाच प्रकार पाहिला होता. बिल्ल्याच्या पाठीला सरळ उभी सुई आणि कापडाच्या आतल्या बाजूने तिच्यावर बसणारी चिमटीची टोपी. समोरून बघितलं तर बिल्ला कापडावर तरंगतोय असं वाटायचं. मी पुण्याची बोहरी आळी पालथी घालून साडेतीनशे सुया आणि साडेतीनशे टोप्या आणल्या आणि दौंडला गेले.

नानांनी एक सुई तळहातावर घेतली.

"हे कोटाचं हाय."

"हो. किती सुंदर दिसतं बघा."

"आपली लोकं कोट घालत्यात का?"

"नाना, सेफ्टी पिन गावठी दिसते."

"गावठी दिसती, पर तिचं टोक झाकतं. म्हणून तर तिला सेफ्टी म्हणत्यात." त्यांनी आपल्या सदऱ्याच्या कापडातून सुई आरपार घातली. पलीकडे ती चांगली ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी लांब निघाली. "शर्टाचं कापड पातळ. टोपी बसवायच्या आधी कुणाच्या तरी बोटात जाईल. निदान कापून आखूड करू."

पण साडेतीनशे सुया कापून पुन्हा टोक काढायचं म्हणजे चार दिवस, आणि समारंभ परवावर आला होता. मी म्हटलं, "काही होत नाही नाना. लोक काय लहान आहेत?" नानांनी माझ्याकडे पाहिलं, डाक द्यायची कावी तापवली आणि एक शब्दही न बोलता साडेतीनशे सुया उभ्या केल्या. ते बोलायचे थांबले की समजावं, गाडी चुकीच्या रुळावर गेली आहे. मला तेव्हा समजायचं नव्हतं.

समारंभाच्या दिवशी सकाळी दहाला कंपनीच्या आवारात मांडव. एका बाजूला कुकरची खोकी रचून ठेवलेली, त्यावर गुलाबी रिबन. गेटच्या फलकावर ५००. मी माझी ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. नानांनाही बोलावलं होतं. ते मागे, मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. म्हणाले, "मी हितंच बरा."

मोठे साहेब साधे निघाले. साठीचे, बोलायला मराठी, आवाज मऊ. भाषण तीन मिनिटांत संपवलं. मग सावंतसाहेबांनी माइकवर जाहीर केलं की कंपनीतले सर्वात जुने कामगार श्री. भीमराव यांना मोठ्या साहेबांच्या हस्ते पहिला सुरक्षा बिल्ला लावण्यात येईल.

भीमराव इस्त्रीचा युनिफॉर्म घालून वर गेले. साहेबांनी मखमली खोक्यातून बिल्ला उचलला. उन्हात तो असा चमकला की माझा ऊर भरून आला. साहेबांनी अंगठा खिशाच्या आत घातला, बाहेरून बिल्ला दाबला, आणि

"आई गं!"

माइक चालू होता. ती 'आई गं' आवारातल्या चारही भोंग्यांतून, गेटच्या बाहेर, थेट हायवेपर्यंत गेली.

साहेबांनी अंगठा बाहेर काढला. त्यावर रक्ताचा टपोरा थेंब. तो भीमरावांच्या पांढऱ्या खिशावर पडला. मग मागच्या रांगेतून उत्तरेकडच्या एका कामगाराचा आवाज आला,

"अरे, साहब को लग गया! ये गिनती में आएगा क्या?"

साडेतीनशे माणसं आधी साहेबांच्या अंगठ्याकडे आणि मग कुकरच्या ढिगाकडे बघू लागली. गेटवरच्या वॉचमनने तर पायाखालच्या पेटीतून पत्र्याचं शून्य काढून हातात धरलं आणि तो सावंतसाहेबांच्या इशाऱ्याची वाट बघत उभा राहिला.

सावंतसाहेबांचा चेहरा माझ्या बिल्ल्यावरच्या हेल्मेटसारखा पिवळा झाला होता. प्रथमोपचाराची पेटी आली. तिचं कुलूप उघडेना. किल्ली स्टोअरमध्ये होती आणि स्टोअरवाला मांडवात बसला होता. तो उठून पळाला. तोवर भीमरावांनी आपल्या पँटच्या खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं, दातांनी तुकडा तोडला आणि सरावाने साहेबांच्या अंगठ्याला गुंडाळला. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील.

साहेब अंगठ्याकडे बघत म्हणाले, "हे तुम्ही खिशात ठेवता?"

"समदेच ठेवत्यात साहेब."

सावंतसाहेब मध्ये आले. "सर, काळजी नको. हे फक्त फर्स्ट एड आहे. फर्स्ट एड अपघातात मोजत नाहीत. आपले पाचशे दिवस शाबूत आहेत."

मांडवात हायसं वाटल्याचा एक मोठा सुस्कारा झाला. कुकर वाचले. मीही सुस्कारा सोडला, कारण माझी इभ्रतही त्या कुकरांच्याच खाली कुठेतरी होती.

पण भीमराव जागचे हलले नाहीत.

"साहेब, मोजू नका," ते सावंतसाहेबांना म्हणाले. "पर रजिस्टरमधी तरी लिवा."

"कशाला मामा? किरकोळ आहे."

"मोठ्या साहेबांचं रगत सांडलंय. किरकोळ कसं?"

"लिहू, लिहू. नंतर लिहू."

"रजिस्टर बघू," मोठे साहेब म्हणाले.

आता पुन्हा धावपळ. रजिस्टर आलं. साहेबांनी पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. मी पहिल्या रांगेत होते, मला दिसत होतं. पानं कोरी होती. पहिल्या पानावर नुसती तारखेची चौकट आखलेली, तीही नव्या शाईत.

"पाचशे दिवसांत कुणालाच काही लागलं नाही?"

सावंतसाहेबांनी टाय सारखा केला. तेव्हा भीमरावांनी आपला डावा हात वर केला. काळी पट्टी गुंडाळलेली दोन बोटं. त्यांच्यामागे मांडवात एक हात वर गेला, मग दुसरा, मग वीस, मग मला मोजता येईनात. कुणाचा अंगठा, कुणाची करंगळी. काही जणांची तर तीन-तीन बोटं. एक जण दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि त्याच्या शेजाऱ्याने त्याला खाली ओढलं, "अरे, एकच दाखव, लोकांना दिसंना."

थोडं हसू झालं. मला हसता आलं नाही. ती बोटं मी आधी पाहिली होती. चित्रासाठी पाहिली होती. वहीत लिहून ठेवलेला काळा रंग मी त्या बिल्ल्यात हेल्मेटच्या कडेला वापरलाही होता.

साहेबांनी त्या हातांकडे पाहिलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे. ते म्हणाले, "माझं लिहायचं असेल, तर यांचंही लिहायला पाहिजे. आणि यांचं लिहायचं, तर तो आकडा खोटा आहे." त्यांनी गेटकडे हात केला. "शून्य लावा."

वॉचमन मघापासून तयारच होता. त्याने पाच उतरवला. नंतर त्याला कळेना की बाकीच्या दोन शून्यांचं काय करायचं. हातातलं एक आणि टांगलेली दोन, अशी तीन शून्यं झाली होती. तो तिथूनच ओरडला, "साहेब, किती ठेवू?"

"एकच!" सगळा मांडव ओरडला.

मग सगळ्यांना एकाच वेळी तीच गोष्ट आठवली. ती बोलून दाखवायचं धाडस कॅन्टीनच्या बाईंनी केलं. "आन् कुकर, साहेब?"

साहेब वळले, त्या ढिगाकडे पाहिलं. "आणलेत ना? मग परत कोण नेणार? वाटून टाका. कुकर पाचशे दिवसांचे नाहीत असं समजा, चिकटपट्टीचे समजा." एवढ्या टाळ्या त्यांच्या भाषणालासुद्धा पडल्या नव्हत्या. त्याच महिन्यात जाड चामड्याचे हातमोजे आले, आणि प्रथमोपचाराची पेटी कुलूप काढून भिंतीवर टांगली, असं मला नंतर कळलं. रजिस्टर पहिल्याच आठवड्यात इतकं भरलं की दुसरं मागवावं लागलं.

माझं काय? सावंतसाहेबांनी मला कार्यालयात बोलावलं. मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. नाना नको म्हणत होते, मी सुंदर दिसावं म्हणून हट्ट केला." मला वाटलं, ते आता माझ्यावर तुटून पडणार. ते खुर्चीत पाठ टेकून बसले होते, टाय सैल केलेला.

"मॅडम, मी रोज सकाळी तो आकडा वाढवायचो," ते म्हणाले. "शंभरापर्यंत खरंच बरं वाटायचं. तीनशेनंतर भीती वाटायला लागली. कुणी बोट घेऊन आलं की मी आधी बोट नाही, फलक बघायचो." मग म्हणाले, "तुम्ही पिना बदलून द्या. साध्या सेफ्टी पिना लावा. आणि ते चित्र बदलू नका."

मांडवात वाटायला मांडून ठेवलेले साडेतीनशे बिल्ले गोळा करून मी दौंडला नेले. तिघांच्या बोटांना ते गोळा करतानाच टोचले आणि तिघांचीही नावं रजिस्टरमध्ये गेली. नाना आणि मी तीन दिवस बसून सुया उपटल्या आणि पिना डाकल्या. 'मी सांगितलं होतं' असं नाना एकदाही म्हणाले नाहीत. फक्त त्यानंतर प्रत्येक ऑर्डरला, अगदी बालवाडीच्या फुलपाखरांच्या बिल्ल्यालासुद्धा, चित्र बघायच्या आधी विचारायचे, "ह्याचं टोक कुणाकडं हाय, पोरी?" ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांना एकदा तरी 'तुमचं बरोबर होतं' म्हणायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी शेवटची पिन बसली तेव्हा ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण शिरूरची एसटी सुटायची वेळ झाली आणि मी उठले.

बिल्ले कामगारांना मिळाले. त्यावर ५०० तसंच होतं आणि कंपनीच्या फलकावर तेव्हा एक की दोन. मला वाटलं, कोण लावणार आता तो खोटा आकडा? लोक कुकर घरी नेतील आणि बिल्ला देतील पोराला खेळायला.

पुढच्या उन्हाळ्यात इनामगावला घोड नदीच्या काठी एक लग्न होतं. भीमरावांच्या पुतण्याचं. पत्रिका द्यायला ते स्वतः दुकानात आले होते. मी गेले. मांडवात गर्दी, बुद्धवंदना झालेली, पंगती बसायच्या तयारीत. भीमराव सफारीत होते, आणि खिशाच्या वर तो लाल-पिवळा बिल्ला. मला बघून "जय भीम, बाई" म्हणाले आणि छातीवर बोट ठेवून हसले. "टोचत न्हाई आता."

पण त्या बिल्ल्याने त्यांना सुखाने बसू दिलं नाही. लग्नात छातीवर बिल्ला म्हणजे तो माणूस व्यवस्थेतला, असंच सगळे धरून चालले होते. एक बाई येऊन पाण्याचा टँकर कुठं आहे विचारून गेल्या. बँडवाला बिदागीबद्दल बोलायला आला. एकाने आपली चप्पल हरवल्याची तक्रार त्यांच्याकडे रीतसर नोंदवली. भीमराव प्रत्येकाला "मी न्हाई हो त्यातला" म्हणत होते आणि प्रत्येकाचं ऐकतही होते.

मी त्यांच्याच शेजारी पंगतीला बसले. समोर एक म्हातारे आबा होते, भाजीपाल्याचे शेतकरी, नवऱ्यामुलाच्या शेजारच्या मळ्यातले. ते मघापासून बिल्ला निरखत होते. शेवटी त्यांनी विचारलंच,

"हे पाचशे म्हंजी काय? पाचशे पानं उठायची हाईत व्हय?"

"न्हाई आबा. ह्यो आमच्या कंपनीचा हाय."

"मंग लग्नात कशापायी लावलाय?"

भीमरावांनी घास खाली ठेवला. जरा विचार केला.

"आबा, पाचशे दिस आमच्या कंपनीत कुणाच्या बोटाला लागलं तर ते मोजत नव्हते. मंग एकदा साहेबाच्या बोटाला लागलं. तवापासून आमची बी बोटं मोजत्यात. त्याचा हाय ह्यो."

आबांनी वाकून बिल्ला पुन्हा एकदा नीट पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

"हे झ्याक झालं," ते म्हणाले. "पर मग मठ्ठा कुणाकडं मागायचा?"

भीमराव उठले, हात धुतले आणि मठ्ठ्याचा जग घेऊन आले.